फुफाजींना पीएचडी नाही



या पानावर आपण बहुतेक वेळा पोळा, गोटमार, जामसावळीचा मारुती आणि सौंसरवरून जाणारी ती छोटी रेल यांच्याच आठवणी लिहितो. मीही लिहिल्या, तुम्ही गोड मानून घेतल्या. आज मात्र आठवण सांगता सांगता थोडं भांडायचं आहे. भांडण कॉलेजांशी आहे, सरकारशी आहे, आणि शेवटी आपल्याशीच आहे. म्हणजे सौंसर-पांढुर्ण्यातून उठून नागपूर, भोपाळ, पुण्यात स्थिर झालेल्या आपल्या मराठी घरांशी. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गोष्ट आमच्या भाऊजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची. माझी पुतणी त्यांना फुफाजी म्हणते. मराठी घरात 'फुफाजी' ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात. हसू द्या. 1956 च्या 1 नोव्हेंबरला आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हापासून आत्याचे यजमान हळूहळू फुफाजी झाले.

भाऊजी पटवारी म्हणून लागले, पुढे राजस्व निरीक्षक झाले आणि नायब तहसीलदार होऊन रिटायर झाले. 38 वर्षं नोकरी. जरीब धरून शेतं मोजली, पूर आणि गारपिटीचे पंचनामे केले, निवडणुका काढल्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत जाम नदीच्या काठावर ड्युटी केली. शिक्षण म्हणाल तर बी.ए., तेही प्रायव्हेट बसून. आज वय 76. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. डोकं मात्र अजून लख्ख.

माझी पुतणी आपल्याच भागातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. 'शिकवते' म्हणजे अतिथी विद्वान आहे. महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी सांगतो, आमच्याकडे कॉलेजात कायम जागा भरल्या जात नाहीत तेव्हा जे शिकवतात त्यांना 'अतिथी विद्वान' म्हणतात. नाव केवढं भारदस्त! हिशोब मात्र दिवसाच्या हजेरीवर. अकरा वर्षं झाली, ती अजून अतिथीच आहे.

2022 च्या डिसेंबरात पंचायत राज आणि स्थानिक प्रशासनाचा धडा चालू होता. पुतणीला वाटलं, पुस्तकातून मुलांना काही कळत नाही, फुफाजींना एक तास बोलवावं. मी तेव्हा पांढुर्ण्यात ताईकडेच मुक्कामाला होतो. गाडी मी नेली, म्हणून मागच्या बाकावर मलाही जागा मिळाली.

भाऊजींनी पिशवीतून जुन्या लठ्ठ्याच्या नकाशाची एक प्रत काढली आणि टेबलावर पसरली. चाळीसेक मुलं-मुली असतील. पहिला प्रश्न, "पोट्टेहो, आपल्या घरचा खसरा कोणी पाह्यला हाय का?" दोन हात वर आले. घरी शेत नाही अशी मुलं थोडीच होती, पण आपली जमीन कागदावर कशी दिसते हे तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दोघांनाच ठाऊक!

मग त्यांनी गोटमारीपासून सुरुवात केली. पांढुर्णा आणि सावरगावच्या मध्ये नदीत पळसाचं झाड रोवतात, झेंड्यासाठी दोन्हीकडून दगड चालतात, दर वर्षी डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. प्रशासन दर वर्षी बंदीचा हुकूम काढते. मध्ये दगडांऐवजी रबराचे चेंडूही देऊन पाहिले. लोक परत दगडावर आले. भाऊजींनी विचारलं, "तुम्ही कलेक्टर असता तर काय केलं असतं?" वीस मिनिटं वर्ग पेटला होता. एक म्हणाला, फौज लावा. एक मुलगी म्हणाली, आधी दोन्ही गावच्या जाणत्यांशी बोला. भाऊजी प्रत्येकाला एकच विचारत गेले, "बरं, मग दुपारी चार वाजता काय होईल?" तो माणूस चार वाजता त्या काठावर उभा राहिलेला होता, म्हणून त्याला तो प्रश्न सुचत होता.

नंतर फौती नामांतरण आलं. खातेदार मेला की वारसांची नावं चढतात ते. महाराष्ट्रात ह्याला वारसाचा फेरफार म्हणतात. एका मुलीने विचारलं, "सर, नाना वारले, पण माझ्या आईचं नाव खात्यावर नाही. फक्त मामांची आहेत. असं का?" भाऊजींनी तिला खुर्ची दिली, फळ्यावर वंशवेल काढायला लावली. हिंदू घरात 1956 च्या कायद्यानेही वडिलांच्या वाट्यात मुलीला हिस्सा होताच, 2005 च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने बसवलं, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 2005 साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. एवढं पुस्तकातही सापडतं. पुढचं सापडत नाही. ते म्हणाले, "कायदा दिल्लीले झाला, पण बहिणीचं नाव कटते ते सैपाकघरात. तेराव्याच्या दिवशी भाऊ कागद घेऊन येते, म्हणते, ताई, इथं सही कर, खातं सोपं होईल. बहीण विचारत नाही, कारण विचारलं तर माहेर तुटते. मी पटवारी होतो. मी अशा शंभर सह्या पाह्यल्या, अन् कागद बरोबर होता म्हणून पुढे पाठवल्या."

मंडळी, मी मागच्या बाकावर बसून घामाघूम झालो. 1996 साली आमचे बाबूजी वारले तेव्हा ताईपुढे हक्कत्यागाचा कागद मीच ठेवला होता. संत्र्याची बाग, विहीर, सगळं आम्हा दोघा भावांच्या नावे. भाऊजी तेव्हा महसूल खात्यातच होते. एक शब्द बोलले नाहीत. जावयाने सासरच्या जमिनीत बोलू नये, हा आपल्याकडचा रिवाज. त्या दिवशीही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलांना सांगत राहिले की अर्ज कुठे द्यायचा, हरकत केव्हा घ्यायची, जाहीर सूचना कुठे लागते, आणि नायब तहसीलदारासमोर काय विचारतात.

तास संपला, मुलं उठेनात. पुढच्या वर्गाचे सर दारात येऊन उभे राहिले.

आता कॉलेजने काय केलं ते सांगतो. शाल दिली, श्रीफळ दिलं, फोटो काढला. मानधनाचा फॉर्म आला, त्यात 'नेट / पीएचडी' असा रकाना होता. बाबूने पेन थांबवून विचारलं, "पात्रता क्या लिखूं?" भाऊजी म्हणाले, "राहू दे बेटा." फॉर्म तसाच राहिला. पुढच्या सत्रासाठी पुतणीने लिहून दिलं की यांचे सहा तास ठेवावेत. उत्तर आलं, विषय नाजूक आहे आणि पात्रता बसत नाही. मध्ये कुणा पालकाचा फोनही आला होता म्हणे, की कॉलेजात जमिनीची भांडणं लावता काय. त्याच वर्षीच्या स्नेहसंमेलनात मात्र कुठलेसे मोठे रिटायर्ड साहेब आले आणि 'यशाचा मंत्र' या विषयावर पाऊण तास बोलले. त्यांची पात्रता कुणी विचारली नाही.

आता गंमत पाहा. त्याच 2022 साली, सप्टेंबरात, विद्यापीठ अनुदान आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. ज्याने आपल्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलं आहे त्याला पीएचडी नसली, शोधनिबंध नसले तरी विद्यापीठ आणि कॉलेजात शिकवायला घेता येईल. क्षेत्रांच्या यादीत उद्योग, वकिली, कला, सैन्यदल यांच्या बरोबरीने नागरी सेवा आणि लोकप्रशासनही आहे. अनुभव किमान 15 वर्षांचा हवा, तोही शक्यतो वरच्या पातळीवरचा. मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत. एकूण मुदत तीन वर्षं, फार तर आणखी एक. आणि जे आधीच प्राध्यापक आहेत किंवा प्राध्यापक म्हणून रिटायर झाले, त्यांना ही जागा नाही. हे शेवटचं मला फार आवडलं. नाहीतर तेच सर पुढच्या दाराने निवृत्त होऊन मागच्या दाराने आत आले असते.

म्हणजे दार उघडलं आहे. भाऊजी आत का जात नाहीत?

पहिलं कारण, 'वरच्या पातळीवरचा अनुभव' हे शब्द वाचले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सचिव, कलेक्टर, कंपनीचा मोठा अधिकारीच येतो. मोठ्या शहरातल्या विद्यापीठात ते ठीक असेल. ज्याने मंत्रालयात बसून धोरणाचा मसुदा लिहिला त्याच्याकडूनही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण धोरण लिहिणारा एक आणि ते गावात उतरवणारे शंभर. आपल्या भागातली मुलं पुढे पंचायत सचिव, पटवारी, शिक्षक, बँक मित्र, सरपंच होणार आहेत. त्यांना त्या शंभरांपैकी कुणी शिकवायचं?

आपल्या भागात तर हे जास्तच खरं आहे. सीमेवरचा माणूस दोन राज्यांच्या मधे जगतो. इकडे खसरा आणि बी-1, तिकडे सातबारा आणि आठ-अ. इकडे नामांतरण, तिकडे फेरफार. इकडे डायव्हर्शन, तिकडे एन.ए. इकडे कोटवार, तिकडे कोतवाल. संत्री इथे पिकतात आणि नागपूरच्या कळमन्याला जातात, म्हणजे माल एका राज्याच्या नियमात वाढतो आणि दुसऱ्याच्या नियमात विकला जातो. शिवाय सौंसर आणि पांढुर्णा तहसिलीतली काही पटवारी हलकी, नंबर टाकून, 2003 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित क्षेत्र म्हणून आलेली आहेत. एका हलक्यात पेसा लागू, शेजारच्यात नाही. आदिवासीची जमीन कुठे विकता येते आणि कुठे येत नाही, हे हलक्याच्या सीमेवर ठरतं. मध्यप्रदेशचे पेसा नियम आले तेही 2022 च्या 15 नोव्हेंबरला. आणि 2023 च्या 5 ऑक्टोबरला तर पांढुर्णा जिल्हाच झाला, सौंसर त्यात आलं. नवा जिल्हा म्हणजे कार्यालयं, नकाशे, नोंदी सगळं नव्याने बसवणं. हे कुठल्या गाईडमध्ये छापलेलं आहे? हे माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं सत्तरीच्या पुढे आहेत.

कुणी म्हणेल, आता सगळं ऑनलाइन झालं, जुन्या पटवाऱ्याचं काय काम? खरं आहे, 2024 पासून सायबर तहसील राज्यभर आली आणि खरेदीची बिनवादाची नामांतरणं बरीचशी संगणकावर होतात. होऊ द्या, चांगलंच आहे. पण बहिणीचं नाव अर्जात लिहिलंच नाही, तर संगणक विचारणार आहे का?

दुसरं कारण पैशाचं. प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसचे तीन प्रकार आहेत: उद्योगाच्या पैशातून, संस्थेच्या स्वतःच्या पैशातून, आणि मानद. आपल्याकडच्या सरकारी कॉलेजला उद्योग पैसे देणार नाही आणि स्वतःचा पैसा त्याच्याकडे नाही. उरतं मानद, म्हणजे पुन्हा शाल-श्रीफळ. भाऊजींना पेन्शन आहे, ते फुकट येतील. पण जिने दोन वेळा सरपंचकी केली, ग्रामसभा चालवली, आता संत्रा तोडाईला जाते, ती मजुरी बुडवून कशी येईल? 73 व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतीच्या निवडणुका सगळ्यात आधी घेणारं राज्य आपलं, 1994 सालीच. पंचायतीत बायांना निम्म्या जागा देणारंही आपलंच राज्य. म्हणजे अनुभव घेतलेल्या बाया गावोगाव आहेत. त्यांच्याकडे 15 वर्षंही नाहीत आणि 'वरची पातळी' ही नाही. त्यांच्यासाठी दारच नाही.

आता माझ्या विरुद्धची बाजू. ती बाहेरच्या कुणी नाही, घरातच मांडली.

परत येताना गाडीत मी जोरात होतो. भाऊजींसारखे दहा लोक नेमले पाहिजेत वगैरे म्हणत होतो. पुतणी गप्प होती. बडचिचोली गेल्यावर म्हणाली, "काकाजी, एक बोलू का? रागावू नका. मी नेट झाले, पीएचडी केली, अकरा वर्षं शिकवते. दर सत्राला वाटतं, यंदा कुणी बदलून आलं तर माझी जागा जाईल. आणि तुम्ही म्हणता पेन्शनवाल्यांना वर्गात आणा. फुफाजींचा तास चांगला झाला, मीच बोलावलं होतं. पण उद्या प्राचार्य म्हणतील, हे फुकट शिकवतात, मग तुमचे तास कमी करू. मग मी काय करू?"

मला उत्तर सुचलं नाही. भाऊजीच म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते. मले एक तास जमते. वर्षभर नाही जमणार. शिकवणं वेगळं काम हाय."

या दोन वाक्यांवर मी बरेच दिवस विचार केला. पुतणीचं भय खोटं नाही. आयोगाच्या नियमात लिहिलं आहे की ही पदं मंजूर पदांपेक्षा वेगळी राहतील आणि नेहमीच्या भरतीवर त्यांचा परिणाम होणार नाही. नियमात लिहिलेलं सगळं कॉलेजात होत असतं तर अतिथी विद्वान अकरा वर्षं अतिथी राहिली नसती. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट लिहितो: आधी कायम जागा भरा. अनुभवी माणूस हा कमी पगाराचा शिक्षक नाही, आणि शिक्षकाच्या जागेवर त्याला बसवणं ही चोरी आहे. त्याचे तास नेहमीच्या तासांवर जास्तीचे असावेत, आणि वर्गात शिक्षक त्याच्या शेजारी उभी असावी. त्या दिवशी भाऊजींचा तास रंगला, कारण पुतणीने आधीच्या आठवड्यात मुलांकडून 73 वी दुरुस्ती करून घेतली होती आणि तासानंतर प्रत्येकाला आपल्या घरचा खसरा काढून आणायला लावला होता. एकटे भाऊजी असते तर 'आमच्या वेळेला' करत दोन तास बोलले असते. हे त्यांच्या तोंडावरही मी म्हणतो.

दुसरा आक्षेप माझ्या एका मित्राचा. "पटवारी? अरे, ज्यांनी घोळ केले तेच शिकवणार?" यावर मी चिडणार नाही, कारण आपण सगळ्यांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. म्हणूनच पद पाहून नेमू नका, माणूस पाहून नेमा. नेमणाऱ्यांत बाहेरचा जाणकार असू द्या, प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसच्या निवड समितीतही एक असतोच. आणि वर्गात मुलांना वाटेल तो प्रश्न विचारायची मुभा असू द्या. एका मुलाने भाऊजींना सरळ विचारलं होतं, "सर, तुम्ही पैसे घेतले का कधी?" वर्ग चिडीचूप. भाऊजी म्हणाले, "पैसे नाही. पण गप्प राह्यलो, तेही एक घेणंच हाय." यशाच्या मंत्राच्या भाषणात असा प्रश्न विचारता येतो का?

आपल्या मराठी माणसांना ही कल्पना नवी वाटायचं कारण नाही. सी. डी. देशमुख आय.सी.एस. होऊन आपल्याच जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात नोकरीला लागले. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, आणि 1956 ते 1961 याच विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. कारभार केलेला माणूस शिक्षणात आला. धनंजयराव गाडगीळ उलट्या वाटेने गेले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत शिकवता-संशोधन करता करता प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले, आणि शेवटी योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. वर्ग आणि कारभार यांच्यात येणं-जाणं होतं. आज ते मोठ्यांपुरतं उरलं आहे. खालच्या पायरीवर कुणी येत नाही की जात नाही.

आता मागण्या. छिंदवाड्याला 2019 मध्ये विद्यापीठ झालं, आज ते राजा शंकर शाह यांच्या नावाने आहे. आपल्या भागातल्या मुलांच्या पदव्या तिथल्याच. कॉलेज एकटं काही करू शकत नाही, विद्यापीठ करू शकतं. त्यासाठी:

1. प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसच्या खाली एक छोटी पायरी असावी. एका सत्रात दहा-बारा तास, एका माणसाचे. पदवीची अट नको, पंधरा वर्षांची नको. केलेल्या कामाची चौकशी मात्र कडक असावी.

2. मानधन रोख आणि वेगळ्या खात्यातून. अतिथी विद्वानांच्या तासातून एक मिनिटही कापायचं नाही.

3. प्रत्येक तास नेहमीच्या शिक्षकाबरोबर, आणि त्यावर मुलांना गुण. मध्यप्रदेशात 2021 पासून नव्या शिक्षण धोरणाने पदवीला प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप आली आहे. आज ती बरीचशी झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण होते. ती ह्या माणसांच्या हाताखाली होऊ द्या.

4. मराठी आणि हिंदी दोन्ही चालू द्या. खसरा समजावताना ज्या भाषेत भांडण झालं त्या भाषेतच ते समजतं.

आणि आता आपल्यावर येतो. आपल्या घरांत 'साहेब' झालेल्याचा फोटो हॉलमध्ये असतो. पटवारी, पंचायत सचिव, मलेरियाचा कार्यकर्ता, सोसायटीचा मंत्री झालेल्या काका-मामांचे किस्से आपण लग्नात हसायला काढतो. नातवाला एमपीएससी, एमपीपीएससीच्या क्लासला पुण्या-इंदूरला पाठवतो, लाख-दीड लाख भरतो, आणि ज्याने तेच प्रशासन 38 वर्षं वाहिलं तो ओसरीवर एकटा पेपर वाचत बसलेला असतो. कॉलेज त्यांना मोजत नाही असं म्हणताना आपण तरी कुठे मोजतो?

मी मोजलं नाही. त्या संध्याकाळी मी ताईला विचारलं, "1996 साली तू मनापासून सही केली होती का?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तू विचारलं नव्हतं. कागद पुढे केला होता." एवढंच. मग पोरांना हाक मारून ताटं घ्यायला सांगितलं.

गेल्या दिवाळीत मी माझ्या वाट्यातला बागेचा तुकडा ताईच्या नावे करण्याचा विषय घरात काढला. धाकटा भाऊ तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. पुतणी त्याचीच मुलगी. ती मला म्हणाली, "काकाजी, मी दर वर्षी हा कायदा शिकवते. आपल्याच घरी काय झालं ते मला फुफाजींच्या तासाला कळलं." बापाशी तिचं काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही.

एका तासाने एवढं झालं. तो तास देणाऱ्या माणसाच्या फॉर्मवर पात्रतेचा रकाना रिकामा आहे.

तुमच्या घरात असं कोण आहे? त्यांनी काय काम केलं, किती वर्षं, कुठल्या गावात, ते त्यांच्याशी बसून लिहून घ्या. मग तुम्ही जिथे शिकलात त्या कॉलेजला पत्र लिहा की आमच्या घरातला हा माणूस वर्गात यायला तयार आहे, त्याला योग्य मानधनावर बोलवा. माजी विद्यार्थी म्हणून आपण पंखे आणि कुलर भेट देतो, एवढं पत्रही देऊ शकतो. पहिलं पत्र मी या सोमवारी टाकतो आहे.

भाऊजींनी पिशवी अजून सोडलेली नाही. नकाशा तिच्यातच आहे.